नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक १



आजपासून तेरावा अध्याय. पहिल्याच श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की हे शरीर म्हणजे क्षेत्र, आणि जो ते जाणतो तो क्षेत्रज्ञ. क्षेत्र म्हणजे आपलं साधं शेत. मला याची दरवेळी गंमत वाटते. समोर रथ, शंख, दोन्हीकडे सैन्य आणि भगवंतांच्या तोंडी शब्द कुणब्याचा. पेरलं ते उगवतं, न पेरलेलंही उगवतं, आणि बघणाऱ्यानं बांधावर उभं राहून दोन्ही नीट बघायचं असतं.

शेत म्हटलं की तण आलंच. आणि तण म्हटलं की आपल्या पिढीचं एक आवडतं वाक्य आठवतं: आयुष्यातलं तण उपटून फेका. टॉक्सिक लोकांना ब्लॉक करा, निगेटिव्ह माणसं काढून टाका, मग बघा तुमचं पीक कसं डोलतं. रील छान असते, मागे बासरी असते, कधीकधी खाली गीतेचा अध्यायही लिहिलेला असतो. पण श्लोक पुन्हा वाचा. शेत कोणतं म्हटलंय? हे शरीर. तुमचा रूममेट, तुमचे साहेब, तुमची चुलत बहीण ही काही तुमच्या शेतात उगवलेली रोपं नाहीत. त्यांना त्यांचं त्यांचं शेत आहे.

मग तण म्हणायचं कशाला? आणि एकदा म्हटलं की त्याच्याशी वागायचं कसं? हा प्रश्न हवेत सोडवता येत नाही, म्हणून आज एक खरं झाड घेऊ. तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलंय. पुण्यात मोकळ्या प्लॉटवर, रेल्वे रुळाच्या कडेला, सोसायटीच्या भिंतीमागे. कंबरेएवढं वाढतं, पानं कातरलेली, वर बारीक पांढऱ्या फुलांचा सडा. गाजरगवत.

माझ्या मामांची शेती धर्माबादजवळ आहे, नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला. तिथून पुढे गेलं की तेलंगणा. मामा या झाडाला काँग्रेस म्हणतात. नुसतं काँग्रेस, पुढे गवतही नाही. "बांधावर लई काँग्रेस माजू लालंय," असं ते म्हणाले की बाहेरचा माणूस राजकारण समजेल! (मी इथे कोणत्याही पक्षाच्या बाजूनं किंवा विरोधात बोलत नाहीये, ते आधीच सांगून ठेवतो.)

आता या झाडाची नावं बघा. गाजरगवत म्हणायचं तर त्याला गाजर लागत नाही आणि ते गवतही नाही. ते सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. पानं तेवढी गाजराच्या पाल्यासारखी दिसतात. काँग्रेस या नावाच्या दोन गोष्टी सांगतात. एक, वरची पांढरी फुलं गांधी टोपीसारखी दिसतात. दुसरी, काँग्रेसच्या राजवटीत अमेरिकेतून जो गहू आला त्याच्या पोत्यातून हे बी आलं. धर्माबादहून थोडं पुढे गेलं की बासर, सरस्वतीचं मंदिर. आपल्या भागातले लोकही पोरांना पहिलं अक्षर गिरवायला तिथं घेऊन जातात. तिथल्या शेतात हेच झाड उभं असतं, पण तेलुगूत त्याचं नाव वय्यारीभामा. म्हणजे ठुमकत चालणारी, नखरेल बाई. आणि शास्त्रीय नाव आहे पार्थेनियम हिस्टेरोफोरस, जे लिनियसनं १७५३ मध्ये दिलं. ग्रीक भाषेत पहिल्या शब्दाचा संबंध कुमारिकेशी, दुसऱ्याचा गर्भाशयाशी.

एक झाड. इकडे पक्ष, तिकडे नखरेल बाई, पुस्तकात कुमारिका. एकाही नावात झाड नाही. प्रत्येक नावात नाव ठेवणारा आहे: त्याचा राग, त्याची थट्टा, बाईकडे बघण्याची त्याची नजर. मराठीत हे फार चांगलं पकडलंय. बारशाला आपण नाव ठेवतो, आणि एखाद्याचा दोष काढायचा झाला की नावं ठेवतो. फरक फक्त एका अनुस्वाराचा.

गव्हाच्या गोष्टीकडे जरा थांबून बघू, कारण ती आपल्याकडे इतक्या खात्रीनं सांगितली जाते की कुणी तारखा विचारतच नाही. पीएल-४८० हा अमेरिकेचा कायदा जुलै १९५४ चा. त्याखाली भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. आणि प्रा. परांजपे यांना पुण्यात उकिरड्यांवर ही झाडं दिसली ती १९५१ मध्ये. पुढे १९५६ मध्ये राव यांनी त्याची नोंद छापली. म्हणजे ज्या कायद्यावर आपण आळ घेतो, तो जन्मायच्या आधी झाड पुण्यात उभं होतं. १९५१ मध्येही अमेरिकेनं भारताला गव्हासाठी कर्ज दिलं होतं, आधीही धान्य येत होतं, तेव्हा बी एखाद्या पोत्यातून आलं असेलही. पण त्याही आधी, १८१४ मध्ये, रॉक्सबर्गनं कलकत्त्याच्या बागेतल्या झाडांची जी यादी छापली त्यात हे नाव असल्याचं वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. गोष्ट सोपी होती, तारखांनी ती अवघड केली. तरी नाव काही बदललं नाही. नावाचं हेच असतं, एकदा चिकटलं की पुराव्याची गरज संपते.

आणि त्या गव्हाचं काय? तो कुणी खाल्ला? आपल्याच आजी-आजोबांनी. ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात परदेशातली लाल मिलो ज्वारी खाऊन लोकांनी दिवस काढले. ती चवीला कशी होती ते जुन्या माणसांना विचारा, तोंड वाकडं करतील, पण तिनं जगवलं हेही सांगतील. पोत्यातलं धान्य पोटात गेलं, त्याचं नाव कुणाच्या लक्षात नाही. त्याच पोत्यातून आलं असं म्हणतात त्या बियाला मात्र आपण सत्तर वर्षं शिव्या घालतोय.

बरं, परकं आहे म्हणून वाईट, हे तरी टिकतं का? धर्माबादची ओळख काय? मिरचीचा बाजार. हंगामात तिथं उतरलात की आधी शिंक येते, मग गाव दिसतं. ती लाल मिरची कुठली? अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली ती १२९० मध्ये, म्हणजे माउलींच्या पंगतीत ठेचा नव्हता! नामदेवरायांच्या नरसीत भाकरीबरोबर काय होतं कोण जाणे, पण लाल मिरचीचा गोळा नक्की नव्हता. दसऱ्याला दारावर लावतो तो झेंडू? तोही मेक्सिकोकडचा, आणि कुळ कोणतं, तर गाजरगवताचंच. एकाच मुलखातली, एकाच कुळातली दोन रोपं. एक तोरणात, एक उकिरड्यावर.

आता उलट बाजूनं बघा. आपलीच, मातीतली, जुनी रोपं घ्या. १९७७ मध्ये होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सगळ्यात त्रासदायक तणांवर एक मोठा ग्रंथ काढला. त्यात पहिल्या क्रमांकावर लव्हाळा, दुसऱ्या क्रमांकावर हरळी. काळ्या रानात हरळी लागली की शेतकरी कपाळाला हात लावतो. उन्हाळ्यात खोल नांगरून काशा वेचल्या तरी एक कांडी राहते आणि पावसात पुन्हा सगळं हिरवं. ही हरळी म्हणजे कोण ठाऊक आहे? दूर्वा. गणपतीच्या डोक्यावरची एकवीस दूर्वांची जुडी ती हीच. आणि लव्हाळ्याच्या गाठी म्हणजे नागरमोथा, दिवाळीच्या उटण्यातला. नम्रतेचा दाखला द्यायला तुकोबांनीही लव्हाळाच निवडला. म्हणजे जगातलं एक नंबरचं तण आपण नरक चतुर्दशीला अंगाला चोळतो आणि दोन नंबरचं देवाला वाहतो. शेतकरी सकाळी शेतात हरळीला शिव्या देतो, आणि संध्याकाळी आरतीला तिच्यापुढेच हात जोडतो. यात ढोंग काही नाही. शेतातली तिची जागा वेगळी, पाटावरची वेगळी, एवढंच.

इथपर्यंत आलं की एक सोपा निष्कर्ष समोर येतो, आणि भक्तिमार्गावरच्या तरुणांना तो फार आवडतो. तण असं काही नसतंच, सगळी देवाचीच लेकरं, बघणाऱ्याची दृष्टी बदला, गाजरगवतातही पांडुरंग पाहा. ऐकायला गोड आहे. पण हे वाक्य माझ्या मामांच्या बांधावर जाऊन बोलून दाखवा.

गाजरगवत खरोखर त्रास देतं. एका झाडाला १५ ते २५ हजारांपर्यंत बी येतं. ते इतकं हलकं की वाऱ्यावर जातं, पाण्यावर तरंगतं, ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून दुसऱ्या गावाला जातं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. मुळांतून आणि पानांतून अशी रसायनं सोडतं की शेजारचं दुसरं रोप वाढू नये. जनावर त्याला सहसा तोंड लावत नाही, आणि खाल्लंच तर दूध कडू होतं. आणि माणसाच्या अंगाला लागलं तर? हात, मान, चेहरा लाल होतो, खाज सुटते, कातडी जाड आणि काळी पडते. परागानं काहींना दमा लागतो. हे कुणाला होतं याचा विचार करा. रील बघणाऱ्याला नाही. वाकून खुरपणाऱ्या बायांना होतं, ज्यांच्या हातात मोजे नसतात. त्यांच्यापुढे उभं राहून "दृष्टी बदला" म्हणणं हा अध्यात्माचा अपमान आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. समदृष्टी म्हणजे डोळे मिटणं नाही.

तर उपटायला हवं. प्रश्न एवढाच उरतो की कसं.

माउलींनी या प्रश्नाला हात घातला आहे आणि तो याच तेराव्या अध्यायात. पुढे सातव्या श्लोकात अहिंसा हा शब्द येतो, तिथे माउली थांबतात ते थांबतातच. भरपूर ओव्या खर्च करतात. औषधासाठी वनस्पती खणून काढणं, पाना-मुळासकट उपटणं, यालाही ते सोडत नाहीत. एका जिवाला वाचवायला दुसरा जीव मारायचा, ही कसली अहिंसा, असं त्यांना बोचतं. साडेसातशे वर्षांपूर्वी उपटलेल्या रोपासाठी कुणाला वाईट वाटलं होतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आणि लक्षात घ्या, आपण शेती सोडून द्यावी असं माउली म्हणत नाहीत. अहिंसा ते पुढे चालण्यात, बोलण्यात, बघण्यात, हाताच्या हालचालीत दाखवतात. म्हणजे अहिंसा हाताला आलेल्या कामातून पळून जाण्यात शोधायची नाही, ते काम करताना हात कसा चालतो त्यात शोधायची.

आता सहावा श्लोक. त्या शेतात काय काय आहे त्याची यादी भगवंत देतात. इच्छा, द्वेष, सुख, दुःख, आणखी काही. द्वेष! मी हा श्लोक पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा थबकलो. आपल्याला वाटतं द्वेष म्हणजे तण काढायचं खुरपं. भगवंत म्हणतात, अरे, तो तुझ्या शेतातच उगवलेला आहे.

मामांना एकदा मी विचारलं, तुम्हाला या काँग्रेसचा राग येत नाही का? ते हसले. म्हणाले, "नावं ठिवून तण जातंय का लेका? वाकावं लागतंय." आणि वाकले. फुलावर यायच्या आत, ओल असताना, मुळासकट. वरून नुसतं कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं. फुलं आल्यावर उपटलं तर आपणच बी पसरवतो. हे सगळं कळायला झाडाकडे बघावं लागतं, आणि राग आलेला माणूस बघत नाही. तो झाड फुलात असतानाच धावून जातो, झोडपतो, आणि पुढच्या वर्षीची पेरणी करून घरी येतो.

मराठवाड्यात तण काढण्याला खुरपणी म्हणतात, निंदणीही म्हणतात. निंदणं म्हणजे तण काढणं, आणि निंदणं म्हणजे निंदा करणंही. शब्द एकच. पण शेतातली निंदणी पाठ दुखवून होते, ती करणाऱ्याला निंदा करायला वेळ नसतो. दुसरी निंदणी आपण बसल्या जागी अंगठ्यानं करतो.

हे माणसांना लावून बघायचं का? जपून लावू. आपल्यातले किती तरी जण नांदेड-लातूरकडून पुण्यात आलेत, परीक्षांच्या अभ्यासाला, नोकरीला. खोली बघायला गेल्यावर "तुम्ही तिकडचे का?" हा प्रश्न ऐकलाय? "करू लालो" म्हटल्यावर समोरचा हसलेला पाहिलाय? त्या एका क्षणात तुमचं नाव, मार्क, स्वभाव सगळं पुसलं जातं आणि तुम्ही कुठल्या तरी पोत्यातून आलेलं बी होता. (गाजरगवत पुण्यात आधी दिसलं आणि मग धर्माबादला पोचलं, हे अशा वेळी हळूच सांगायला हरकत नाही!) ज्यानं हा चटका खाल्लाय, त्यानं रूममेटला एका शब्दात "टॉक्सिक" म्हणून ग्रुपमधून काढताना क्षणभर तरी थांबावं. कारण तो शब्दही काँग्रेससारखाच आहे. त्यात तो माणूस कुठेच नसतो.

पण समजा, खरंच कुणी त्रास देतंय. घरातला एक जण दर महिन्याला पैसे नेतो, दारूत घालवतो, मागायला गेलं की आईवर ओरडतो. इथेही "सगळ्यांत पांडुरंग" म्हणून पैसे देत राहायचं? नाही. पैसे थांबवायचे, आईला वेगळं ठेवायचं, गरज पडली तर दार बंद करायचं. फक्त त्याला नाव ठेवू नका, काय घडतं ते सांगा. "तो वाया गेलेला आहे" हे नाव झालं. "तो पैसे नेतो, परत देत नाही, आईवर हात उगारतो" हे बघणं झालं. बघितलेल्या गोष्टीवर उपाय करता येतो, केव्हा आणि किती हे ठरवता येतं, आणि उद्या त्यानं दारू सोडली तर तुमचं वाक्यही बदलू शकतं. नाव बदलत नाही, ते आपण पाहिलंच.

आणि तरीही द्वेष राहतो, हे मला माहीत आहे. दार बंद केलं तरी रात्री तो माणूस डोक्यात बोलत राहतो. मग त्याचं काय करायचं?

इथे शेतीशास्त्रज्ञांनी गाजरगवतावर केलेले दोन उपाय मला आठवतात. एक, मेक्सिकोहून आणलेला भुंगा. १९८३ मध्ये बंगळूरला आणला, पुढच्या वर्षी शेतात सोडला. तो पावसाळ्यात गाजरगवताची पानं खातो, बाकीचे बरेच महिने जमिनीत झोपतो. बिचाऱ्याला द्वेष ठाऊक नाही, भूक ठाऊक आहे. काम चांगलं करतो, पण एकट्यानं पुरत नाही. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. तरोटा. काही भागांत त्याला टाकळा म्हणतात. गाजरगवत उपटलेल्या मोकळ्या जागेत तरोट्याचं बी टाकायचं. पावसाबरोबर तो दाट उगवतो, जागा धरतो, आणि गाजरगवताच्या रोपाला ऊन मिळू देत नाही. तरोटा स्वतःही तणच, कुणी त्याची शेती करत नाही. पण उपटून रिकामी ठेवलेली जमीन पुन्हा गाजरगवतच घेऊन येते, हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

आता भगवंतांचा क्रम बघा. सहाव्या श्लोकात द्वेष दाखवला. पुढे "तो उपट" असं म्हणत नाहीत. सातव्यापासून थेट सांगायला लागतात की काय असावं: अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती, आर्जव... पाच श्लोक भरून यादी. मी याला पेरणीची यादी म्हणतो. त्यातल्या एकेका शब्दावर आपण या पंधरवड्यात बोलणारच आहोत, म्हणून आज पुढे जात नाही.

एक कामाची गोष्ट. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह असतो. सोसायटीत, कॉलेजात, मंदिरामागच्या जागेत काढायचं ठरवलंत तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला रुमाल. ज्यांना दमा आहे किंवा अंगावर पूर्वी पुरळ आलंय त्यांनी हात लावू नका. फुलं यायच्या आत काढलंत तर त्याचं खतही होतं. आणि कामाला मावशी लावल्यात तर मोजे त्यांना आधी द्या.

त्याच दिवसांत धर्माबादकडे गेलात तर तरोट्याची कोवळी पानं खुडून आणा. निवडायची, धुवायची, लसूण ठेचून फोडणी, थोडी लाल मिरची, वर भिजवलेली डाळ. बरोबर ज्वारीची भाकरी.

उद्या श्लोक २. जय हरी.